दोन चहांची वाट

१३ एप्रिल, सोमवार. कुपवाड

कमिटीच्या हिशेबात ह्या उन्हाळी सेवेचा खर्च शून्य आहे. माझ्या हिशेबात तो असा: स्कूटरचा मागचा टायर, दोन पांढरे शर्ट, घशाच्या गोळ्यांची बाटली आणि महाबळेश्वर. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात.

महाबळेश्वरचं असं, की वर्कशॉप मुलाच्या, यशराजच्या हाती सोपवलं त्या दिवशी मी मंगलला शब्द दिला होता. मे महिन्यात टॅक्सी करून जायचं, तळ्यात नाव, सकाळी स्ट्रॉबेरी, आणि मी मोजपट्टी बरोबर घ्यायची नाही. हे शेवटचं तिनं घातलेलं कलम. लग्नानंतर आम्ही दोनदा फिरायला गेलो आणि दोन्ही वेळा मी तिथं कुणाचं तरी गेट बसवायचं काम घेतलं होतं.

परवा चर्चच्या कमिटीत सेक्रेटरी म्हणाले, शिरवळकडच्या तीन मंडळ्यांचे पाळकसाहेब ऑपरेशनसाठी रजेवर चाललेत. तीन गावं, तीन छोटी चर्चं, मोजकी माणसं. उन्हाळाभर उपासना कोण चालवणार? सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी हात वर केला.

घरी सांगितलं तेव्हा मंगल भाकरी थापत होती. म्हणाली, "जावा की. देवाच्या कामाला कोण नको म्हणतंय." मी हेल्परचा मालक झालो तो कानांच्या जिवावर. बेअरिंग जायच्या महिनाभर आधी मला आवाजावरून कळतं. त्या 'जावा की'मध्ये तो आवाज होता. पण मशीन चालू होतं, म्हणून पुढं गेलो.

आणखी एक काम अंगावर घेतलंय. आंबेमाळच्या चर्चला जायची वाट नानासो सुभेदारांच्या शेतातून जाते. ऊस तुटून गेला, आता ते तारेचं कंपाउंड घालणार आहेत. वाट बंद झाली तर आंबेमाळची उपासना कायमची बंद आणि तिथल्या लोकांनी हायवेच्या चर्चला जायचं, असा ठराव तयार आहे. मेअखेर मंजूर होईल. मी भर बैठकीत म्हटलं, "उभ्या आयुष्यात गिऱ्हाईकच पटवत आलोय. सुभेदारांना दोन चहात पटवतो. लिहून ठेवा." सेक्रेटरींनी खरंच मिनिट्समध्ये लिहिलं.

१५ एप्रिल, बुधवार. आंबेमाळ

पोचलो. चर्च लहान, कौलारू, स्वच्छ. मागं एक खोली, तीच माझी. गाव अलीकडं, चर्च पलीकडं, मध्ये सुभेदारांचं रान. त्यातून एक पायवाट, पायांनी गुळगुळीत झालेली.

किल्ली साळूबाईंकडे असते. साठीच्या पुढच्या, एकट्या. यजमान गेले, ते चर्चच्या मागंच निजलेत. झाडणं, घंटा, दिवाबत्ती सगळं ह्याच बघतात. त्यांनी मला "सलाम, साहेब" म्हणून भाकरी-पिठलं पुढं ठेवलं आणि मी खात असताना समोर बसून सांगितलं, "वाट गेली तर ओढ्याकडनं यावं लागंल. त्या दगडांतनं माझं गुडघं यायचं न्हाईत. मी घरात बसून घंटा ऐकायची म्हनलं, तर वाजवनार कोन?"

मी म्हटलं, "बाई, काळजी सोडा. दोन चहा."

त्या म्हणाल्या, "सुभेदार साखर लय घालत्यात."

संध्याकाळी पहिला चहा झाला. नानासो सुभेदार ताठ माणूस. मिशी इस्त्री केल्यासारखी. लष्करातल्या गोष्टी सांगितल्या, मी ऐकल्या. गिऱ्हाइकाला आधी बोलू द्यायचं. वाटेचा विषय मी काढलाच नाही. साखर खरंच जास्त होती.

१९ एप्रिल, रविवार

एका दिवसात तीन उपासना. सकाळी वरच्या वाडीत उपदेश चालू असताना शेळी आत आली आणि शेवटपर्यंत थांबली. हे मी सर्व उपस्थितांबद्दल म्हणू शकत नाही. दुपारी हायवेच्या पलीकडं पंखा आहे, त्यामुळे गर्दी बरी आणि झोपही बरी. संध्याकाळी आंबेमाळला माणसं कमी, पण गायन असं की कौलं हलली. साळूबाई वरच्या पट्टीत लावतात आणि खाली येत नाहीत.

घसा बसला. तिन्हीकडं तोच उपदेश केला. तिसऱ्यांदा मलाही पटला.

२१ एप्रिल, मंगळवार

दुसरा चहा. आज वाटेचं काम केलं. जसं झालं तसं लिहून ठेवतो, यशराजला धंद्यात उपयोगी पडेल.

सुभेदार ओसरीवर बसले होते. बशीत चहा ओतून त्यांनी स्वतःच विषय काढला. "साहेब, ह्या वयात एकट्यानं ऱ्हायाचं म्हंजे हाल. मंडळी कुठं असत्यात?"

माणूस आपणहून आपल्या कामाची चौकशी करतो म्हणजे अर्धी लढाई जिंकली. म्हटलं, "कुठली कुठली मंडळी सांगू? तीन आहेत."

"तीन?"

"एक वरच्या वाडीत, एक हायवेच्या पलीकडं, आणि एक इथलीच."

सुभेदारांची बशी ओठांपाशी थांबली. "आनि जमतंय? तिन्हींचं?"

"न जमायला काय झालं? रविवारी सकाळी पहिलीकडं, दुपारी दुसरीकडं, सांजेला इथं. एकीचाही रविवार चुकवत नाही. गाडी पंक्चर झाली तर चालत जातो."

"एकाच दिशी?"

"एकाच दिवशी. घसा बसतो, पण देव ताकद देतो."

"भांडनं न्हाईत हुत एकमेकींत?"

"गाठच पडत नाही. वर्षातून एकदा तिन्ही एकत्र जेवायला बसवायची पद्धत आहे. तेव्हा थोडी कुरबुर होते म्हणे, मटणाच्या तुकड्यावरून."

सुभेदारांनी मिशीवरून दोनदा हात फिरवला. लष्करी माणसाला शिस्तीचं कौतुक असतं. मग हळूच म्हणाले, "घरच्यांनी करून दिल्या का तुमच्या तुमी...?"

"छे हो, कमिटीनं दिल्या. आणि माझ्या म्हणजे काय, आधीच्या पाळकसाहेबांच्या. ते ऑपरेशनला गेलेत. ते उठून बसेपर्यंत माझ्याकडं."

ह्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. "आनि ही हितली... हितली कोन म्हनायची?"

मी हसून म्हटलं, "इथली म्हणजे साळूबाईच म्हणा ना. त्यांच्याशिवाय आहे कोण इथं? म्हणून तर तुमच्याकडं आलोय. वाट बंद झाली तर कमिटी आमची ताटातूट करणार. आणि साळूबाईंचं म्हणणं, कुणी का येईना, पण इथं माणूस पाहिजे."

सुभेदार उठले. उभे राहिल्यावर ते आणखी ताठ दिसतात. "बघतो मी वाटंचं," म्हणाले आणि आत गेले. चहा निम्मा राहिला होता.

'बघतो मी वाटेचं.' फौजी माणसाचा हा होकार असतो. निम्मा तर निम्मा, चहा दोनच झाले. सेक्रेटरींना मेसेज टाकला: काम झाल्यात जमा.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून रानात खड्डे पडताहेत. खांबांचे. सुभेदार स्वतः दोरी धरून उभे आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंनी खांब घेऊन मध्ये छान रस्ता सोडणार असावेत. मी लांबून हात केला. त्यांनी केला नाही. हातात दोरी होती.

फाट्यावर बिराप्पाच्या टपरीत नाश्त्याला गेलो. बिराप्पानं मागितल्याशिवाय दोन उकडलेली अंडी ठेवली. "ऱ्हाऊ द्या साहेब, पैसं नगं. लय ऐकलंय तुमचं."

"काय ऐकलं?"

"तीन, तीन," असं म्हणून त्यानं बाकावरच्या गड्यांकडं बघितलं. एक म्हणाला, "आमाला एकीचं निस्तरंना, गड्या." दुसरा म्हणाला, "साहेब, ताकद कुठनं आनता?"

"प्रार्थना," मी म्हटलं, "आणि पहाटे उठणं."

"पहाटं?" बिराप्पानं तिसरं अंडं ठेवलं.

माझ्या उपदेशाला नेहमी तीन मुद्दे असतात. तो पहिल्याच रविवारी फाट्यापर्यंत पोचेल आणि इतर समाजातही चर्चा होईल, असं वाटलं नव्हतं. माझ्या कानातून काही सुटत नाही, उठताना मागून स्पष्ट ऐकलं, "दिसतंय का बघा अंगानं!"

२४ एप्रिल, शुक्रवार

रस्ता सोडलेला नाही. तार सरळ ओढलीय, काटेरी, चार पदरी. ताण उत्तम दिलाय, खांब ओळंब्यात आहेत. कामाला नाव ठेवायला जागा नाही.

साळूबाई तारेच्या पलीकडं भाकरीचं फडकं घेऊन उभ्या होत्या. मी अलीकडं. त्या ओरडल्या, "साहेब, दोन चहा झालं न्हवं?"

मी म्हटलं, "निम्मा बाकी आहे."

भाकरी त्यांनी तारेवरून दिली. फडकं फाटलं.

२६ एप्रिल, रविवार

आंबेमाळला संध्याकाळी घंटा मीच वाजवली. मी लोखंडाचा माणूस आहे, तरी ती माझ्या हातून वाजली नाही, आदळली. ओढ्याकडून फिरून तीनच माणसं आली, तरणी होती म्हणून. साळूबाई तारेपलीकडं दगडावर बसल्या होत्या. आम्ही आत गायला लागलो आणि रानातून त्यांचा वरच्या पट्टीतला आवाज आला. आम्ही एक ओळ मागं, त्या एक ओळ पुढं. कुणी कुणासाठी थांबेना. शेवटी सगळे गप्प झालो आणि त्या एकट्याच म्हणत राहिल्या, तेव्हा मी खिडकी पुसत उभा राहिलो. खिडकी स्वच्छच होती.

सेक्रेटरींचा मेसेज: 'ठराव पुढच्या बैठकीत घेऊ का?' फोन उशीखाली ठेवला.

३० एप्रिल, गुरुवार

तिसरा चहा मिळाला नाही. फाटकातच बोलणं झालं. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, माझं काही चुकलं का?"

ते म्हणाले, "साळूआक्का माझी राखीची भन हाय."

मला इतका आनंद झाला. म्हटलं, "मग तर प्रश्नच मिटला! तिच्याचसाठी तर वाट मागतोय. ती रोज संध्याकाळी माझ्याकडं यायची, तारेमुळं बंद झाली बघा."

सुभेदारांची मिशी हलली. माणूस भावनाविवश झाला की असं होतं. फाटक लावता लावता म्हणाले, "आदी एकीशी तरी नीट ऱ्हावा, साहेब."

खोलीत येऊन विचार केला. ह्यात खोल अर्थ आहे. एक माणूस तीन ठिकाणी धावला की कुठंच मुळं धरत नाहीत. फौजेतली माणसं थोडक्यात मोठं बोलतात. हे वाक्य कमिटीला कळवलं आणि वरच्या वाडीच्या उपदेशातही घेणार आहे.

वाट मात्र बंद.

३ मे, रविवार

वाक्य उपदेशात घेतलं. वरच्या वाडीत बायका एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या. बातमी तिथंही पोचलीय, कसली ते कळत नाही.

दुपारी मंगलचा फोन. "बीपीच्या गोळ्या कपाटातच राहिल्यात. यशराजला कामं हायत. मीच येते गुरुवारी."

"अगं, एवढ्या उन्हात कशाला?"

"बघते तरी, महाबळेश्वर सोडून कुठं गेलायसा."

पुन्हा तोच आवाज. ह्या वेळी जरा मोठा.

७ मे, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण डायरीशी खोटं बोलून काय मिळणार.

मंगल सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार होती. ती चुकली, दुसरीनं आली. फाट्यावरून तिची पिशवी घेऊन गावातून चाललो होतो. सुभेदारांच्या दारासमोर कडुनिंबाखाली सुभेदारीणबाई धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांनी मंगलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुमी कितव्या?"

मला वाटलं, गाडी विचारताहेत. मी म्हटलं, "दुसरी. पहिली चुकली."

सुभेदारीणबाई उठल्या. "चुकली म्हनं," असं म्हणून त्यांनी मंगलचा हात धरला, "ये ग माजे बाई, तू आत ये," आणि दोघी आत गेल्या. दार लागलं. मी कडुनिंबाखाली पिशवी धरून उभा.

माझे कान चांगले आहेत. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग सुभेदारीणबाईंचा आवाज, "...तीन! आनि त्यात आमची साळूआक्का!" मग मंगलचा, "कोण म्हणलं?" मग "सोता म्हनलं, ह्या ओसरीवर, च्या पीत!" मग मंगलनं विचारलं, "शब्द काय वापरला? नीट आठवा. मंडळी म्हणलं का?"

त्यानंतर जो आवाज आला तो मला रडण्याचा वाटला. पिशवी टाकून दाराशी गेलो. रडणं नव्हतं. मंगल हसत होती. तिला असं हसताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं, ते आठवेना. चांगलं तेल घातलेल्या मशीनसारखं, थांबायचं नाव नाही. मग सुभेदारीणबाईही.

हळूहळू माझ्या डोक्यात एकेक वाक्य उलटं फिरत गेलं. मटणाचा तुकडा. आधीच्या पाळकसाहेबांच्या. पहाटे उठणं. बिराप्पाची अंडी. मी कडुनिंबाला टेकलो.

दार उघडलं. मंगल डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या मंडळ्यांना म्हणावं, चौथी आलीय."

मागून साळूबाई काठी टेकत आल्या. त्यांना बोलावणं गेलं होतं. सगळं ऐकून त्यांनी आधी रानातून नुकत्याच आलेल्या सुभेदारांना झोडपलं. "नाना, अरं, मला इचारायचंस तरी!"

सुभेदार जमिनीकडं बघत म्हणाले, "असं भनीला कसं इचारायचं, आक्का?"

मग साळूबाई माझ्याकडं वळल्या. "आनि साहेब, आमी हितं देऊळ म्हनतो. देवळात जातो म्हनतो. गावाला त्येच ठावं हाय. मंडळी मंडळी करत गावात फिरायला तुमाला सांगितलं कुनी?"

चाळीस वर्षं कमिटीत हाच शब्द बोलतोय. त्याला दुसरं दार आहे, हे माझ्या कानांना कधी कळलं नाही. आणि घरी मी मंगलला 'आमची मंडळी' कधी म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर कदाचित आठवलं असतं.

आत पुन्हा बायकांचं बोलणं झालं, ह्या वेळी तिघींचं. मला आणि सुभेदारांना बोलावलं नाही. आम्ही ओसरीवर दोन टोकांना बसलो. थोड्या वेळानं सुभेदारीणबाई बाहेर आल्या, नवऱ्याच्या हातात पक्कड दिली आणि म्हणाल्या, "आक्काची काठी आडवी धरून माप घ्या. तेवढी वाट सोडा."

सुभेदार उठले. मीही उठलो, तार कापणं हे माझं काम आहे. पहिला पदर त्यांनी कापला, दुसरा मी. तिसऱ्याला ते म्हणाले, "साहेब, तरी मला वाटलंच हुतं. अंगानं काय वाटत न्हवतं तुमी."

१० मे, रविवार. आंबेमाळ

संध्याकाळची घंटा साळूबाईंनी वाजवली. मी तशी का वाजवू शकत नाही ते विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी तिला मारताय." सगळे वाटेनं आले. सुभेदार दाराबाहेर वहाणा न काढता उभे होते, आत या म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, खांब बघायला आलोय." गायन संपेपर्यंत खांब बघत होते.

मंगल पहिल्या बाकावर बसली होती. माझा उपदेश तिनं बहुतेक सगळा ऐकला. उद्या सकाळी टॅक्सी सांगितलीय, महाबळेश्वरला. रविवारपर्यंत परत. मोजपट्टी तिनं माझ्या पिशवीतून काढून साळूबाईंकडं ठेवायला दिली.

आता सेक्रेटरींचा फोन येऊन गेला. ठराव मागं घेतला. फार खूश होते. म्हणाले, "रणभिसे, बोलला होतात तसं केलंत. मिनिट्समध्ये काय लिहू? दोन चहात वाट मोकळी केली, असंच ना?"

मी म्हटलं, "लिहा."

मंगल शेजारीच बसून पिशवी भरत होती. वाट ठरली तेव्हा मी ओसरीवर होतो आणि ती आत होती.

मंगल चहा पीत नाही.